रात्री साडेदहाचं दूध: झोपलेल्या बाळाला पाजावं का आणि कसं?

रानजाई

मुलगी दहा आठवड्यांची आहे. जन्माचं वजन २.९ किलो, आताचं ४.९. पूर्णपणे अंगावरचं दूध. संध्याकाळी पावणेआठला पिते, आठला झोपते आणि मग साडेबारा, साडेतीन, सहा अशी उठते. घरातलं आवरून आम्हाला अंथरुणाला पाठ टेकायला अकरा वाजतात. म्हणजे तिची सगळ्यांत लांब झोप आमच्या जागेपणीच निम्म्याहून जास्त संपलेली असते, आणि आमचा डोळा लागतो न लागतो तोच ती उठते.

साडेदहाच्या सुमाराला तिला न उठवता झोपेतच पाजायचं, म्हणजे पुढची झोप लांबते, असं वाचलं. याला ड्रीम फीड म्हणतात. करायची तयारी आहे, पण नीट समजून घ्यायचं आहे. झोपेत पाजताना ठसका लागून दूध श्वासनलिकेत जाणार नाही का? ढेकर काढायचीच का? डायपर कधी बदलायचा? काढून ठेवलेलं दूध नवऱ्याने पाजलं तर मला नऊलाच झोपता येईल का? सासूबाईंचं म्हणणं, वाटी-चमच्याने थोडं थोडं घाल, नाहीतर रात्रीपुरतं पावडरचं दूध दे, पोट भरलं की झोपेल. सध्या ती झोळीत झोपते, तेही सांगून ठेवते.

---

निशिगंध

वजन उत्तम वाढतंय. पहिल्या तीन महिन्यांत रोज साधारण २५ ते ३० ग्रॅम वाढ अपेक्षित असते, तुमच्या मुलीची त्याच हिशेबात आहे. तेव्हा करून बघायला हरकत नाही. वजन मागे असतं, बाळ अपुऱ्या दिवसांचं असतं किंवा डॉक्टरांनी ठरावीक तासांनी पाजायला सांगितलं असतं, तर मी आधी त्यांना विचारा म्हटलं असतं.

या दुधाने काय होतं ते आधी नीट धरा. पोट जास्त भरलं म्हणून बाळ जास्त झोपतं असं यात काही नाही. दहा आठवड्यांच्या बाळाला चार-पाच तासांची एक सलग झोप येऊ लागलेली असते. ती आठ ते साडेबारा अशी पडते, तीच साडेदहा ते अडीच-तीन अशी सरकवता येते का, एवढाच हा प्रयत्न आहे. एकूण झोप तेवढीच, फक्त तिचा लांब तुकडा तुमच्या झोपेवर येतो. ‘आठ ते सहा झोपेल’ अशी अपेक्षा ठेवून सुरुवात केलीत तर तीन दिवसांत निराश व्हाल.

आता वेळ. शेवटच्या दुधानंतर किमान अडीच-तीन तास गेलेले हवेत. तुमचं पावणेआठचं म्हटलं तर सव्वादहा ते अकरा ही खिडकी. घड्याळात साडेदहा वाजले म्हणून उचलू नका, बाळाकडे बघा. या वयात झोपेचं एक चक्र पन्नास मिनिटं ते तासाभराचं असतं आणि त्यात हलकी झोप बरीच असते. पापण्यांखाली बुबुळं फिरताना दिसतात, ओठ चोखल्यासारखे हलतात, बोटं उघडमीट होतात, श्वास थोडा अनियमित असतो. ही वेळ पाजायची. हात उचलून सोडला तर लुळा पडतोय, चेहरा स्थिर, श्वास एका लयीत, ही गाढ झोप. त्यात बाळ ओढत नाही. तेव्हा पंधरा-वीस मिनिटं थांबा आणि परत बघा.

ठसक्याच्या भीतीचं उत्तरही इथेच आहे. हलक्या झोपेत बाळ स्वतः ओढतं तेव्हा चोखणं, गिळणं आणि श्वास यांचा मेळ बसलेला असतो. दूध त्याच्या ओढण्यानेच येतं. ते ओढत नसताना आपण दूध तोंडात सोडलं, तर मात्र धोका खरा आहे.

पाजायची रीत: खोलीत झिरोचा बल्ब, तोही बाळाच्या डोळ्यांवर येणार नाही असा. बोलायचं नाही, गुणगुणायचं नाही. एक तळवा मान-डोक्याखाली, दुसरा ढुंगणाखाली घालून सावकाश उचला आणि अंगाशी धरा. दुपट्यात गुंडाळलं असेल तर हात मोकळे करा, छातीवरचा वेढा सैल करा. डोकं पोटापेक्षा वर राहील असं मांडीवर तिरकं घ्या. स्तनाग्र खालच्या ओठाला आणि गालाला हलकेच लावा आणि थांबा. बहुतेक बाळं अर्ध्या मिनिटात तोंड वळवून उघडतात. नाही उघडलं तर दुधाचा एखादा थेंब पिळून ओठावर लावा. एवढ्यावरही दोन-तीन मिनिटांत काही हालचाल नसेल तर परत ठेवा. हनुवटी दाबून तोंड उघडायचं नाही, तळपायाला टिचक्या मारून जागं करायचं नाही.

एकदा पकडलं की गिळण्याचा आवाज ऐका. दोन-तीन चोखण्यांमागे एक गिळणं, अशी लय दहा-पंधरा मिनिटं चालते. मग नुसतं ओठ थरथरवत राहतं, गिळणं थांबतं. तेव्हा तोंडाच्या कोपऱ्यातून करंगळी घालून पकड सोडवा. दुसऱ्या बाजूला घेऊन बघा, ओढलं तर ठीक, नाही तर आग्रह नको.

ढेकर: खांद्यावर सरळ धरून तीन ते पाच मिनिटं, पाठीवरून वर हात फिरवत. अंगावर शांतपणे पिणाऱ्या बाळाने हवा कमी गिळलेली असते, ढेकर आलीच नाही तर थोपटत अर्धा तास बसायची गरज नाही. बाळ गुळण्या टाकणारं असेल तर मात्र ढेकर आली तरी दहा-पंधरा मिनिटं उभं धरा. मग पाठीवरच झोपवा. कुशीवर नाही, पालथं नाही.

डायपर फक्त ओला असेल तर सहापर्यंत चालतो. शी केली असेल, गळत असेल किंवा पुरळ असेल तर बदला, पण पाजायच्या आधी, किंवा दोन बाजूंच्या मधे. पाजून झाल्यावर पाय वर उचलले की आत गेलेलं दूध बाहेर येतं आणि बाळ टक्क जागं होतं. पुसायला कोमट पाण्यात पिळलेलं मऊ कापड घ्या. थंडगार वाइप्सने हमखास झोप मोडते.

---

बकुळ

निशिगंधने बाळाची बाजू सांगितली, मी दुधाची सांगते.

नवऱ्याने साडेदहाला पाजावं आणि तू नऊला झोपावंस, हे ऐकायला सोपं वाटतं. पण हिशेब मांडून बघ. पावणेआठला पाजलंस, साडेदहाचं बाटलीने गेलं आणि बाळ अडीचपर्यंत झोपलं, तर तुझी छाती पावणेसात तास रिकामी झाली नाही. दहाव्या आठवड्यात बऱ्याच जणींचं दूध अजून मागणीवर पूर्ण बसलेलं नसतं. दूध दाटतं, गाठ धरते, आणि रोजच असं झालं तर शरीर ‘कमी लागतंय’ असं धरून दूध कमी करतं. दूध बनवणारं प्रोलॅक्टिन रात्री जास्त असतं, म्हणून रात्रीचा एक वेळ चुकणं दिवसाच्या एका वेळेपेक्षा महागात पडतं. म्हणून तू स्वतः पाजून अकराला झोपणं, हे पहिले तीन-चार महिने जास्त बरं. अगदीच थकवा असेल त्या रात्री नवऱ्याने पाजावं आणि तू उठल्यावर आधी दाटलेली बाजू पाज. छातीत दुखरी गाठ, त्यावर लाली आणि थंडी वाजून ताप आला तर घरगुती शेक घेत बसू नकोस, त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. त्या बाजूने पाजणं थांबवायचं नसतं.

काढून ठेवायचंच असेल तर सकाळी काढ. पहिल्या पाजण्यानंतर तासाभराने दूध बरं निघतं. साध्या खोलीत चार तास टिकतं असं म्हणतात ते पंचवीस अंशांच्या आसपासच्या तापमानाला. विदर्भातल्या मे महिन्याला तो नियम लावू नकोस, काढल्याबरोबर फ्रिजमध्ये आतल्या बाजूला ठेव, दाराच्या कप्प्यात नको. तिथे चार दिवस चालतं. गरम करायला वाटीत कोमट पाणी घेऊन त्यात बाटली उभी कर. गॅसवर किंवा मायक्रोवेव्हमध्ये नाही, त्यात काही भाग चटका बसण्याइतका तापतो आणि वरून कळत नाही. वर साय धरल्यासारखी दिसेल, ती हलकेच फिरवून मिसळते. एकदा तोंड लागलेलं दूध दोन तासांत संपलं नाही तर टाकून द्यायचं.

बाटलीने पाजताना सगळ्यांत हळू येणारं निपल घे. बाळ जवळजवळ बसतं धरायचं, बाटली आडवी, निपलच्या टोकात दूध राहील एवढीच तिरपी. दर वीस-तीस मिलिलिटरनंतर बाटली खाली करून चार श्वास घेऊ द्यायचे. ओठांच्या कडेने दूध ओघळणं, घटाघट गिळणं, भुवया वर ताणणं, बोटं फाकणं यातलं काही दिसलं तर दूध वेगाने येतंय. बाटली उशीला टेकवून ठेवून बाजूला होणं कधीच नाही.

आणि वाटी-चमचा. सासूबाई सांगतात ती सवय मुळात चांगली आहे. बाळ जागं असताना बाटलीपेक्षा वाटी-चमचा किंवा बोंडलं केव्हाही बरं, स्वच्छ ठेवायलाही सोपं. पण झोपलेल्या बाळाला ते चालत नाही. चमच्यात दूध किती आणि कधी जाणार हे आपल्या हातात असतं, बाळाच्या नाही. जागं बाळ ओठांनी दूध घेतं आणि नको असेल तेव्हा तोंड फिरवतं. झोपलेल्याच्या तोंडात ते नुसतं साठतं आणि पुढच्या श्वासाला आत जातं. हे कारण समजावून सांग, त्यांना पटेल.

---

रानजाई

दोघींचेही मनापासून आभार, बरंच स्पष्ट झालं. दोन गोष्टी राहिल्या. झोळीतून बाहेर काढलं की ती जागी होते, तर मी वाकून झोळीतच पाजू का? आणि घरात जायफळ उगाळून चाटवायचा विषय निघालाय. चिमूटभराने काय होतं, असं म्हणतात. त्याला ठाम उत्तर हवंय.

---

सोनचाफा

ठाम उत्तर: जायफळ नको. त्यातल्या मिरिस्टिसिनचा परिणाम थेट मेंदूवर होतो, आणि सहाणेवर किती वेढे उगाळले म्हणजे किती गेलं हे कुणालाच सांगता येत नाही. बाळ ‘छान झोपलं’ असं दिसतं तेव्हा ते गुंगीत असू शकतं. गुंगीतलं बाळ भूक लागली तरी उठत नाही, आणि श्वासाला अडथळा आला तरी धडपडत नाही. त्याच गुंगीत साडेदहाला पाजायला घेतलंत तर धोका दुप्पट. बाळगुटीतल्या वेखंड, मुरडशेंग वगैरेंनाही सहा महिन्यांपर्यंत जागा नाही. मध तर वर्षभर बिलकुल नाही, त्यातल्या जिवाणूंच्या बीजाणूंनी बाळाला बॉट्युलिझम, म्हणजे स्नायू लुळे पाडणारी विषबाधा, होऊ शकतो.

पुढचा हट्ट बहुधा नाचणी सत्त्वाचा येईल, म्हणून आत्ताच सांगते. पातळ करून रात्री बाटलीत दिलं की बाळ झोपतं हा समज घरोघरी आहे. सहा महिन्यांआधी नाचणी, तांदळाची पेज, बिस्किट यातलं काहीही द्यायचं नसतं, आणि बाटलीत घट्ट केल्याने झोप लांबत नाही. अडकण्याचा धोका तेवढा वाढतो, आणि दुधाची जागा पिठुळ पाण्याने भरली जाते.

पावडरच्या दुधाचंही तसंच. अंगावरचं पुरत असताना झोपेसाठी ते सुरू करायचं कारण नाही. ज्यांच्याकडे डॉक्टरांच्या सांगण्यावरून ते चालूच आहे त्यांच्यासाठी: दिवसभराचं एकूण वजनाच्या दर किलोला साधारण १५० मिलिलिटर. पाच किलोच्या बाळाला ७५० आणि सहा वेळा पीत असेल तर एका वेळी १२५ च्या आसपास. साडेदहाचं दूध या ७५० मध्येच बसवायचं, वर जोडायचं नाही. भारतातल्या बहुतेक डब्यांवर ३० मिलिलिटर पाण्याला एक सपाट चमचा असं प्रमाण असतं, तरी आपल्या डब्यावरचं वाचा. आधी पाणी मोजा, मग पावडर. ‘रात्रीचं जरा घट्ट’ म्हणून अर्धा चमचा जास्त घातला की बद्धकोष्ठ होतं आणि बाळाच्या मूत्रपिंडांवर ताण येतो. पाणी उकळून अर्ध्या तासाच्या आत, म्हणजे सत्तर अंशांच्या वर असतानाच पावडर मिसळा. मग बंद बाटली नळाखाली धरून कोमट करा. आठलाच करून साडेदहासाठी ओट्यावर ठेवणं चुकीचं आहे. केल्यापासून दोन तासांत वापरायचं असतं.

आता झोळी. झोळीत पाजायचं नाहीच. कापड मधे खोल जातं, बाळ वाकतं, हनुवटी छातीला टेकते आणि श्वासाची वाट अरुंद होते. त्यात गिळायला लावणं म्हणजे मुद्दाम संकट ओढवणं. खरं तर रात्रभराच्या झोपेलाही झोळी योग्य नाही. सपाट, घट्ट गादी, तीही पाळण्यात किंवा तुमच्या पलंगाशेजारी, पाठीवर. राईची उशी, लोड, जाड गोधडी, डोक्यावरचं टोपडं, काही नको. डोक्याला आकार येण्यासाठी राईची उशी ठेवत असाल तर त्यापेक्षा जागेपणी पालथं ठेवा आणि रोज डोक्याची दिशा बदला.

झोळीची सवय मोडायला साडेदहाचं दूध फार उपयोगी पडतं. संध्याकाळी झोपवताना बाळ नवीन जागा ओळखतं आणि रडतं. पिऊन झाल्यावर मात्र ते सगळ्यांत सैल असतं. आठला हवं तर तुम्ही समोर बसलेल्या असताना झोळीत असू दे. साडेदहाला काढा, पाजा आणि सपाट गादीवर ठेवा. ठेवताना आधी ढुंगण, मग पाठ, शेवटी डोकं. हात लगेच काढू नका, एक तळवा छातीवर मिनिटभर राहू द्या. थंडीत चादर गार लागून बाळ दचकतं, म्हणून आधी तळहात फिरवून ती जागा ऊबदार करा. गरम पाण्याची पिशवी ठेवत असाल तर बाळाला ठेवण्याआधी ती काढलीच पाहिजे.

पाजताना स्वतःला पेंग येत असेल तर सोफ्यावर किंवा आरामखुर्चीत बसू नका. बाळ कुशीत घेऊन तिथे डोळा लागणं फार धोक्याचं असतं. त्यापेक्षा पलंगावर बसा, आणि आसपासच्या उशा-पांघरुणं आधीच दूर करा.

---

शेवंती

वरच्या सगळ्याशी सहमत, फक्त अपेक्षेबद्दल थोडं वेगळं मत आहे. या पद्धतीचा जो अभ्यास सगळीकडे सांगितला जातो तो १९९३ साली ‘पीडिअ‍ॅट्रिक्स’ या अमेरिकी नियतकालिकात आला. अंगावर पिणारी बाळं, एकूण २६ कुटुंबं. रात्री १० ते १२ च्या दरम्यान एक ठरावीक दूध दिलेल्या गटातली सगळी बाळं आठव्या आठवड्यात मध्यरात्री १२ ते पहाटे ५ झोपत होती, दुसऱ्या गटातली २३ टक्के. वाचून कुणीही हुरळून जाईल. पण त्या आईवडिलांनी आणखी दोन गोष्टी केल्या होत्या. दिवस आणि रात्र यांतला उजेड-आवाजाचा फरक ठळक ठेवला, आणि मधल्या वेळी बाळ उठलं की लगेच न पाजता आधी दुपटं बदलणं, फिरवणं असं करत ते अंतर हळूहळू वाढवलं. म्हणजे यश एकट्या दुधाचं नाही. दिवसाचं एकूण दूध कमी झालं नव्हतं. रात्रीचं सकाळच्या पहिल्या वेळी भरून निघालं होतं.

म्हणून साडेदहाच्या दुधाबरोबर दिवसाकडेही बघा. दुपारी पडदे उघडे, घरातले नेहमीचे आवाज चालू, आणि दर अडीच-तीन तासांनी भरपूर दूध. दिवसा चार तास झोपलेलं बाळ मी तरी पाजायला उठवीन. संध्याकाळी सहा ते आठ अनेक बाळं थोड्या थोड्या वेळाने पीत राहतात, ते दूध कमी पडल्याचं लक्षण नसतं, अडवू नका. आणि रात्री साडेबाराला चुळबुळ ऐकू आली तर मिनिटभर थांबा. हलक्या झोपेत बाळं कण्हतात, हातपाय मारतात, डोळेही किलकिले करतात. त्याला उठलं समजून उचललं की आपणच उठवलेलं असतं. रडू लागलं तर मात्र पाजा, दहा आठवड्यांच्या बाळाला भुकेलं ठेवायचं नाही.

सहा-सात रात्री सलग एकाच वेळी करून बघा. साडेबाराचं उठणं दीड-दोनवर गेलं तर चालू ठेवा. साडेबारा तसंच राहिलं आणि वर साडेदहाचं एक पाजणं वाढलं, तर सरळ सोडून द्या. काही बाळांची पहिली झोपच गाढ असते आणि ती मोडल्यावर पुढची सगळी रात्र विस्कटते. तीन-चार महिन्यांनंतर रात्रीच्या पहिल्या भागात गाढ झोप वाढते, त्यामुळे आज जमणारं तेव्हा जमेनासं होऊ शकतं. सकाळचं पहिलं दूध बाळ टाळायला लागलं, तर तेही थांबवायची वेळ आल्याचं लक्षण.

बंद करताना एकदम तोडू नका. दर दोन-तीन रात्रींनी पाजणं पंधरा मिनिटं अलीकडे आणा, साडेनऊपर्यंत आलं की ते झोपतानाच्या दुधात मिसळून जातं. बाटली असेल तर तेवढ्याच अंतराने पंधरा-वीस मिलिलिटर कमी करा. दात येईपर्यंत हे चालू राहिलं, तर पाजून झाल्यावर ओल्या मऊ कापडाने दात पुसा.

---

निशिगंध

एक पुरवणी. पहिल्या दोन-तीन रात्री ती पूर्ण जागी झाली तरी घाबरू नका. दिवा लावू नका, नजर मिळवू नका, पाजून ढेकर काढा आणि खाली ठेवा. वीस मिनिटांत बहुतेक झोपते. तासभर खेळायला लागली तर दुसऱ्या रात्री वीस मिनिटं उशिरा घ्या, वेळ चुकली असते.

आणि हे प्रयोग बाजूला ठेवून डॉक्टरांना गाठायची वेळ कोणती तेही ध्यानात असू द्या: दिवसाला सहापेक्षा कमी वेळा शू, दूध ओढताना दम लागणं किंवा ओठ निळसर होणं, हिरवी किंवा जोरात फेकलेली उलटी, तीन महिन्यांच्या आत १००.४ फॅरनहाइट किंवा जास्त ताप, आणि नेहमी पिणारं बाळ सलग दोन वेळा दुधाला तोंडच न लावणं. या शेवटच्या वेळी ‘झोपलंय, झोपू दे’ म्हणून सकाळपर्यंत थांबायचं नाही.